बैलाच्या खांद्यावरची हळद

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लिंबू-मिरची दिसली की लाथेनं बाजूला सारून जाते. शेजारीण भुताखेताचं बोलायला लागली की माझं डोकं उठतं. तरीही हे लिहितेय, कारण इतकी वर्षं डोक्यात भुंगा लागलाय आणि कुणाला विचारायची सोय नाही.

मी यवतमाळला सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढच्या खोलीत दाराच्या अगदी समोर भिंतीतलं सिमेंटचं फडताळ. मुलगी, रिंकू, नागपूरला होस्टेलवर. म्हणजे घरात आम्ही दोघंच. आमचे हे कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते. कापसाची ती वाईट वर्षं... आधी पाळ्या कमी झाल्या, मग एक दिवस गेटला कुलूपच लागलं.

त्यानंतर ह्यांनी बोलणं सोडलं. भांडण नाही, चिडचिड नाही, नुसतं गप्प. ताटात वाढलेलं अर्धं तसंच. तेव्हाचे पेपर आठवत असतील तर मला काय भीती वाटत होती ते वेगळं सांगायला नको. पेपर आला की मी तो पर्समध्ये कोंबून ऑफिसला न्यायची. टाइप करता करता हात थांबायचे, वाटायचं, घरी हा माणूस आत्ता काय करत असेल?

शेजारच्या टेबलावरच्या नसीमाला एकदा हे सांगितलं. ती म्हणाली, "उनके हात को काम दे. डोक्याचं नंतर पाहू."

घरात काम म्हणजे काय देणार? माळ्यावर रिंकूच्या जुन्या खेळण्यांचं पोतं होतं. प्लॅस्टिकचे वाघ, हत्ती, जिराफ, जत्रेतला एक डायनोसॉर. म्हटलं, ह्याच्यापासून शोभेच्या वस्तू करू. मी सांगायची, हे आरीनं कापायचे. जिराफाचा पुढचा अर्धा भाग फळीवर ठोकला, किल्ल्या अडकवायला. हत्ती बरणीच्या झाकणावर चिकटवला. डायनोसॉरच्या पाठीला भोक पाडून त्यात मनीप्लँट. वरून सगळ्यांना सोनेरी स्प्रे. खरं सांगते, छान दिसायचं. हे कापायचे, घासायचे, मान खाली. तोंडातून शब्द नाही, पण हात तरी चालत होते.

मग माझ्या हातून एक चूक झाली. त्याच पोत्याच्या तळाशी ह्यांचा लहानपणीचा लाकडी बैल होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. तो हा बैल, ह्यांच्या मुकुटबन गावचा. गावच्या सुतारानं केलेला, एक शिंग किंचित बुटकं. मी न विचारता त्याची चाकं उपटली, अंगावर सोनेरी रंग मारला आणि फडताळावर मधोमध ठेवला. ह्यांनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चाकं कुठं हायेत?" मी म्हटलं, फेकली. हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मला स्वतःचाच राग आला.

दोन दिवसांनी, संक्रांत होऊन गेली होती, मी ऑफिसातून घरी आले तर बैलाच्या खांद्यावर पिवळं काहीतरी. बोट लावलं. हळद, आणि लोणी.

आता हे समजून घ्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे लोण्यात हळद कालवून बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते असतं श्रावण संपताना. जानेवारीत कोण बैलाचे खांदे शेकतं?

मला वाटलं, ह्यांनीच लावलं. मी मोडतोड केली म्हणून मनाचं समाधान करून घेतलं असेल. बरंच वाटलं म्हणा ना. विचारलं मात्र नाही. घरात जे काही नीट चाललं होतं त्याला धक्का लावायची छाती नव्हती. गुपचूप पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. आणि घरात लोणी नव्हतं हो. आम्ही पाकिटाचं दूध घेत होतो, त्याला कुठली आलीय साय? हे तर फाटकाबाहेरही जात नव्हते. मी डबे हुंगले, मोरी पाहिली, ह्यांच्या शर्टाच्या बाह्यासुद्धा पाहिल्या. कुठंच पिवळा डाग नाही.

चौथ्या दिवशी मी बैल पिशवीत घातला. "नसीमाला दाखवते," म्हणाले आणि ऑफिसला नेला. नसीमासमोर कोरड्या फडक्यानं लख्ख पुसला आणि माझ्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्या मंगळसूत्राच्या पिनेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. नसीमा शेजारीच उभी होती. बैलाच्या दोन्ही खांद्यांवर हळद, ओली. तीन बोटं ओढल्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. नसीमानं वास घेतला. "अगं, हे तर आत्ताचं आहे," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "तू घरी जा. कुछ पूछ मत, बस जा."

का जा म्हणाली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. मी बैल तसाच हातात धरून रिक्षात बसले.

हे दारातच होते. दाढी केलेली. कितीतरी दिवसांनी इस्त्रीचा शर्ट. पायात चपला. मागे खोली झाडलेली, हत्यारांना तेल लावून पेटीत ओळीनं ठेवलेली, आणि पेटीवर घराची किल्ली. मला बघून दचकले. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. किती वेळ बघत राहिले कोण जाणे.

शेवटी तेच म्हणाले, "आवतन देल्लं म्हंजे उद्या जेवाले घालाव लागते."

मी मान हलवली.

"घरात चन्याची दाय हाये का?"

नव्हती. ते म्हणाले, "चाल, घेऊन येऊ," आणि आम्ही दोघं मिळून दुकानात गेलो. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पुरण त्यांनी स्वतः वाटलं. बैलापुढे पान वाढलं, नमस्कार केला आणि मग माझ्यासमोर बसून तीन पोळ्या खाल्ल्या. तिसरीवर तूप मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर हळद कधीच दिसली नाही. हे हळूहळू बोलते झाले, पुढे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले. तो बैल अजून फडताळावर आहे.

मी शोध घेतला नाही असं नाही. रंगवाल्याला विचारलं, सोनेरी रंगातून पिवळं तेल सुटतं का. मी वेडी असल्यासारखं तो माझ्याकडे बघत राहिला. नसीमावरही संशय घेतला, देव मला माफ करो. पण किल्ली माझ्याकडे होती. आणि घरातल्या त्या तीन दिवसांचं काय?

खरा गोंधळ पुढेच आहे. रिंकूच्या लग्नानंतर आम्ही दोघं एकदा दुपारी चहा घेत बसलो होतो. हे एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी वापस येनार नव्हतो."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मले माहीत हाये."

"रोज बैलाचा पिवळा खांदा पाहून राह्यलो होतो मी. तू खांद्याले हळद लावे, मंग पुसून टाके. मले वाटे, ही काहून असं करून राह्यली? मंग त्या दिवशी तू ऑफिस सोडून तो बैल घेऊन दारात उभी. तवा समजलं. तू तोंडानं बोलत नव्हती, पन मले म्हनून राह्यली होती का उद्या जेवाले राह्य." त्यांनी फडताळाकडे पाहिलं. "म्हनून राह्यलो. तुयासाठी."

इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान पहिली हळद तरी त्यांची असेल. त्यांना वाटत होतं, सगळी माझी. त्यांनी विचारलं, "तूच लावली होती ना?"

मी हो म्हणाले.

बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. हळद कोणी लावली तेही कळत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही उलगडा होत असेल तर जरूर कळवा. फक्त घरच्या फोनवर नको, तो हेच उचलतात.