दिव्याचा आकडा

कोनादूने डुफी मावशीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती एका पाहुण्या डॉक्टरला अंधाऱ्या खोलीबाहेर ढकलत होती.

"दार सताड उघडं टाकून आत येतोस? माझ्या पेशी काय बाजारातल्या कोंबड्या आहेत, येईल त्यानं डोकवायला?"

कुमासी शहरातल्या त्या औषध-संशोधनशाळेत एकवीस वर्षं सूक्ष्मदर्शक मावशीच्या ताब्यात होता. शिक्षण बेताचं, पण प्रोफेसरसुद्धा दार वाजवून आत यायचे. तिचा राग मोठ्यांदा यायचा आणि लहानथोरांना सारखाच वाटला जायचा.

कोनादूचं पदवीसाठीचं संशोधन एका झाडाच्या सालीवर होतं. सांधे सुजले की घरोघरी तीच साल उकळून देतात. सालीतलं औषध पेशीत नेमकं कुठे बसतं ते शोधायला तिने त्याला चमकणारं शेपूट जोडलं होतं. उजेड दिसेल ती औषधाची जागा. पण शेपूट मेलं कुठेही चिकटतं. म्हणून पेशींच्या एका बशीत नुसतं शेपटीवालं औषध घालायचं, आणि दुसऱ्या बशीत आधी बिनशेपटीचं औषध भरपूर ओतायचं. जागा भरल्या की मागून येणाऱ्या शेपटीवाल्याला थारा उरत नाही, आणि ती बशी काळी दिसली पाहिजे.

दिसली. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर आसिएदू यांनी चित्र पाहून टाळी वाजवली.

मावशीच्या खोलीचा एक नियम होता. सूक्ष्मदर्शकाचा दिवा किती प्रखर ठेवला तो आकडा बशीच्या झाकणावर पेन्सिलीने लिहायचा. कोनादूने सवयीने लिहिलाही होता, आणि मावशीने तो वाचला.

"पहिलीला चाळीस, दुसरीला बारा? पोरी, दिवा बारीक केलास तर हत्तीसुद्धा दिसायचा नाही!"

"मावशी, दुसरीत थोडी चमक राहत होती, म्हणून जरासा..."

"जरासा! माझ्या बहिणीला झग्याचं बटण लावता येत नाही, बोटं अशी वाकलीत. दर रविवारी चर्चच्या पायरीवर विचारते, 'जागा सापडली का गं?' काय सांगू तिला? कोनादूनं दिवा बारीक केला, तेव्हा सापडली?"

मावशीने दिवा चाळीसवर नेला. दुसरी बशी पहिलीइतकीच लखलखली. शेपूट नुसतं चिकटलं होतं; औषधाची जागा सापडलीच नव्हती.

कोनादू दोन दिवस मावशीवर धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी राग स्वतःवर उलटला, आणि ती मावशीला घेऊन प्रोफेसरांकडे गेली.

"शोधनिबंधात काळं चित्रच छापायला पाठवायचं," सगळं ऐकून ते म्हणाले.

"मग खाली दोन्ही आकडे छापा, सर," मावशी म्हणाली.

"तुझं काम बटण दाबायचं. शास्त्र मला शिकवू नकोस."

"मी बटणच दाबते, सर. तुम्ही सत्य दाबताय."

कोनादूने निबंधावर सही केली नाही. तो अडकला, तिची पदवी वर्षभर लांबली. प्रोफेसरांना जाब मात्र कुणीच विचारला नाही.

डुफी मावशी आता मागच्या खोलीत बशा धुते. सूक्ष्मदर्शकाची किल्ली प्रोफेसरांच्या खिशात असते.