सोलांजचे सोमवार

रेजिस गेला तो सायकलची शर्यत बघताना. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. शर्यत संपली तरी हा उठून टीव्ही बंद का करत नाही म्हणून त्याची बायको सोलांज ओरडत बाहेर आली, तेव्हा कळलं. पुढे बरेच दिवस ती आपल्या केस कापायच्या पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "चढावर गेला की उतारावर, तेवढं मात्र कळलं नाही."

मी तिची शेजारीण. आमच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे, त्यामुळे मी जे सांगते आहे त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे.

रेजिस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. फ्रान्समधल्या आमच्या बोन शहराच्या बाजूचे ट्रॅक्टर उंच पायांचे असतात, वेलींच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून चालतात, आणि बरोबर फवारणीच्या आठवड्यात बंद पडतात. अशा वेळी द्राक्षमळेवाले कुणाच्याही पाया पडतात. रेजिस पैशाचं नाव काढायचा नाही. "मागच्या खोलीतल्या दोन बाटल्या दे," म्हणायचा. असं चाळीस वर्षं चाललं. त्याच्या तळघरात अख्ख्या टेकडीची वाईन गोळा झाली आणि त्याने त्यातली एकही उघडली नाही. पाव्हणे आले की तो त्यांना खाली न्यायचा, बाटल्या दाखवायचा, एखादीवरची धूळ बोटाने पुसायचा आणि म्हणायचा, "अजून तयार नाही." मग वर आणून सुपरमार्केटमधली, पुठ्ठ्याच्या खोक्यातली वाईन पाजायचा. सोलांज तीही प्यायची नाही. "पाणी बरं," म्हणायची, "ते तयार तरी असतं."

दफन झालं त्याच आठवड्यात गावातले पुरुष एकेक करून सांत्वनाला आले आणि प्रत्येकाची नजर तळघराच्या दाराकडे जाऊन आली. एतिएनने तर सरळ विषय काढला. एतिएनचे चार मळे आहेत, लग्न केलेलं नाही, रेजिसचा जिवलग.

"सोलांज, बाटल्यांना थंडावा लागतो, ओल लागते. मी माझ्याकडे नेऊन ठेवतो. तुला कशाला त्रास."

"रेजिसला नेलंत तेवढं बास झालं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी, एका सोमवारी, तो पुन्हा आला, स्वयंपाकघराच्या दारानेच. मी तिथेच बटाटे सोलत होते. तो उंबऱ्यात थांबला आणि कुत्र्यासारखं नाक वर केलं.

"काय शिजतंय?"

"अंडी. वाईनमधली."

"कुठली वाईन?"

तिने पळीने मोरीकडे बोट दाखवलं. तिथे बाटली उभी होती. एतिएनने लेबल वाचलं आणि स्टूल ओढून बसला. त्याच्या बापाने केलेली वाईन होती ती. ज्या वर्षाबद्दल म्हातारा मरेपर्यंत बोलत होता, त्या वर्षाची.

"सोलांज, हिच्यात तू अंडी घातलीस?"

"मग काय घालायला हवं होतं? मासे?"

बाटलीच्या तळाशी थोडी उरली होती, ती त्याने मोहरीच्या रिकाम्या बरण्यांत ओतली, तिला एक दिली, मला एक दिली, स्वतः बाटलीच तोंडाला लावली. सोलांजने औषध घेतात तसा घोट घेतला. मग बरणीत बघितलं. मग दुसरा घेतला, सावकाश.

"आधी काहीच नाही," ती म्हणाली. "मग चेरी. मग पावसात भिजलेल्या कोटाचा वास." बरणी परत हुंगून म्हणाली, "अरे, ही तर तुझी आई."

"माझी आई?"

"दारातच उभं करते. मग आत घेते. आणि मग जाऊ देत नाही."

एतिएन इतका हसला की त्याला खोकला आला. त्याच्या आईला ओळखणारा कुणीही हसला असता. अंडी मात्र आम्ही तिघांनी मिळून संपवली. तशी अंडी मी पुन्हा खाल्लेली नाहीत.

सोमवारी पार्लर बंद असतं. त्या सोमवारपासून सोलांजच्या स्वयंपाकघरात एक बाटली उघडायला लागली. मी, एतिएन, बेकरीवाली जिनेत आणि सोलांज. जिनेत चीज घातलेले गोळे भाजून आणायची. नियम एकच होता: वाईनवाल्यांची भाषा बोलायची नाही. कणा, पोत, शेवट, असलं काही म्हटलं की ग्लास काढून घेतला जाई. ही वाईन गावात कुणासारखी आहे, एवढंच सांगायचं. पोस्टमास्तर दोनदा निघाले. पाद्री तर एकदा चक्क गोड निघाले, त्याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

जिनेतच्या पोटात काही राहत नाही, आणि सकाळी पाव घ्यायला सगळं गाव तिच्याकडे येतं. त्यामुळे मंगळवारी नऊ वाजेपर्यंत कोण कशासारखं ते घरोघर पोहोचायचं. लोक चिडले, पण चिडून बाटल्या आणून द्यायला लागले. आपण कोण निघतो हे ऐकल्याशिवाय कुणाला झोप येईना.

सरपंचांची गंमत झाली. त्यांचा घरचा मळा, जुनं नाव, आणि बाटलीवर सोनेरी अक्षरं. ते केस कापायला म्हणून आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "परवा माझी बाटली उघडलीत म्हणे."

"उघडली. मान खाली करा."

"कुणासारखी निघाली?"

"जाऊ द्या ना, साहेब."

"सांग, सांग. मी काही मनाला लावून घेणारा माणूस नाही."

"तुमच्यासारखीच," सोलांज म्हणाली. "लेबल फार देखणं. पहिला घोट भाषणासारखा जोरात येतो. मग आपण वाट बघतो."

"मग?"

"मग बघतच राहतो."

सरपंच उठले. एका बाजूचे केस कापून झाले होते. दुसऱ्या बाजूचे तसेच घेऊन ते चौकातून घरी गेले, आणि पुढे दोन वर्षं केस कापायला बोनला जात राहिले.

हिवाळ्यात एका सोमवारी सोलांजने तळघराच्या अगदी मागच्या कोनाड्यातली बाटली आणली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांच्या लग्नाच्या वर्षाची. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला उघडू, असं रेजिस म्हणायचा. पन्नासपर्यंत तो पोहोचला नाही. काढताना बुचाचा हातातच भुगा झाला. वाईनचा रंग चहासारखा होता. एतिएनने नाकाशी नेली आणि ग्लास खाली ठेवला.

"मेली आहे."

"थोडी हवा लागू दे तिला," जिनेत म्हणाली.

"रेजिसलाही लावून बघितली असती हवा," सोलांज म्हणाली. कुणी हसलं नाही. तिने एतिएनला विचारलं, "आधी उघडली असती तर? वीस वर्षांपूर्वी?"

एतिएनला खोटं बोलता येत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. "वीस वर्षांपूर्वी फार सुंदर असणार," तो म्हणाला.

मग सोलांज भडकली. टीव्हीसमोरच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून तिने रेजिसला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेल्या, कंजूस, तळघराचा उंदीर, हे त्यातले सौम्य शब्द. सुट्टीत समुद्रावर जाऊ म्हटलं तर पुढच्या वर्षी. नवीन स्वयंपाकघर, पुढच्या वर्षी. सगळं अजून तयार नव्हतं. शेवटी ती दमून बसली. आम्ही कोट घेऊन गुपचूप बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी ती रबरी बूट घालून एतिएनच्या मळ्यात हजर झाली. छाटणी चालू होती. छाटलेल्या काड्या लोखंडी ढकलगाडीत जळत होत्या आणि टेकडीभर धूर पसरला होता.

"एवढा वेळ लागतो कशाला, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

एतिएनने तिच्या हातात कात्री दिली. जन्मभर कात्री चालवलेली बाई, तिला काय शिकवायचं, असं त्याला वाटलं असावं. तो दुसऱ्या ओळीकडे गेला. परत आला तेव्हा निम्म्या ओळीतल्या वेली गुळगुळीत झाल्या होत्या. एकही काडी नाही, कोंब फुटायचा एकही डोळा नाही.

"सोलांज, फळ काडीवर येतं."

"मग आधी सांगायचं. मला वाटलं बाजूने आणि मागून बारीक करायचं."

त्या ओळीने त्या वर्षी काही द्यायचं नाही हे ठरून गेलं. पण सोलांज जात राहिली. कात्री तिला पुन्हा मिळाली नाही, पण काड्या तारेला बांधायचं काम मिळालं, आणि ते ती नीट करायची. एप्रिलमध्ये डोळे फुटले. जूनमध्ये फुलोरा आला तेव्हा ती मला ओढून घेऊन गेली. वेलीचं फूल म्हणजे दिसायला काहीच नाही, हिरवा भुसा. पण वास असा, की आम्ही दोघी ओळीत वाकून उभ्या राहिलो आणि मागून येणारा एतिएनचा ट्रॅक्टर आम्हाला ऐकूच आला नाही. तो हॉर्न वाजवत म्हणाला, "म्हाताऱ्यांनो, बाजूला व्हा."

जुलैत गारपीट झाली. दुपारी आभाळ हिरवट झालं, सगळ्यांनी खिडक्या लावल्या, आणि चर्चची घंटा वाजून संपेपर्यंत सगळं उरकलं होतं. एतिएनचे दोन मळे वाचले, दोन झोडपून निघाले. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. कोवळे मणी फुटून चिखलात पडले होते.

त्या सोमवारी तो येणार नाही असं वाटलं होतं. आला. टोपी न काढता बसला. सोलांज तळघरात गेली आणि दोन बाटल्या घेऊन आली. बूच काढून त्याच्यापुढे ग्लास सरकवला.

"बोल. कुणासारखी?"

त्याने बराच वेळ तोंडात धरली.

"रेजिससारखी," तो म्हणाला. "फार वर्षं कोंडून ठेवलेली. तोंड उघडायला वेळ लागतो. पण आत वाईट काही नाही."

सोलांजने आपला घोट घेतला. मग म्हणाली, "थोडी घोरतेही." आणि हसायला लागली. नवरा गेल्यापासून त्याचं नाव निघालं असताना ती अशी हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. दुसरी बाटलीही आम्ही संपवली. एतिएन जाताना टोपी विसरून गेला.

ऑगस्टमध्ये उरलेल्या घडांत पाणी उतरलं, मणी पिकून काळे झाले, आणि सप्टेंबरात तोडणी झाली. सोलांज दोन दिवस वाकून घड तोडत होती, तिसऱ्या दिवशी तिला सरळ उभं राहता येईना. मग तिला निवडणीच्या टेबलापाशी बसवलं. गारांनी फुटलेले मणी बाजूला काढायचे आणि तोंडाने एतिएनला, हवामानाला आणि देवाला शिव्या द्यायच्या, अशी तिची दोन कामं होती.

त्या वर्षीची वाईन थोडीच झाली. बाटलीत भरल्यावर एतिएनने एक खोकं तिच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"ही खरंच थांबायला हवी," तो म्हणाला. "निदान पाच वर्षं."

आम्ही सगळ्यांनी सोलांजकडे बघितलं. तिने एक बाटली उचलली आणि तिथल्या तिथे उघडली. वाईन करकरीत, आंबट, जीभ खरवडणारी.

"सकाळी पाचची जिनेत," सोलांज म्हणाली. जिनेत पुढचे दोन सोमवार आली नाही.

पण उरलेल्या बाटल्या तिने खाली ठेवल्या. दर वर्षी छाटणी संपली की त्यातली एक वर येते, ती प्यायली जाते आणि तिला शिव्या मिळतात. यंदा मार्चमध्ये उघडली तेव्हा शिवी आली नाही. सोलांजने ग्लास दोनदा हुंगला, एतिएनने पाव मोडला, जिनेतने रेडिओ बंद केला. ही कुणासारखी म्हणून कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, आणि अंधार पडायच्या आत बाटली संपली होती.