खोली एकाच मुलीची

हौस म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या नाशिकरोडच्या फ्लॅटमधली अडगळीची खोली रिकामी केली, गव्हाच्या कोठ्या बाल्कनीत ढकलल्या आणि जाहीर केलं, लेकीला तिची स्वतःची खोली करून देणार. महिनाभर मोबाईलवर पलंगांचे फोटो बघत होते. दोनदा भाजी करपली.

घरात मुली मात्र दोन होत्या. नऊ वर्षांची माझी लेक आणि दहा वर्षांची पुतणी, नामपूरच्या थोरल्या जावेची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला आमच्याकडे आली होती. आमच्यात हे चालतंच. ज्याचं घर शहरात, त्यानं भावाची पोरं शिकवायची. माझे यजमान एकलहऱ्याला नोकरीला, तेही असेच चुलत्याकडे राहून शिकले. दोघी पोरी हॉलमध्ये एका गादीवर झोपायच्या आणि पांघरुणावरून भांडायच्या. मी सारखे फ्रॉक घ्यायचे, सारखे धपाटे घालायचे. फरक करत नाही, असं चारचौघांत मिरवायचेसुद्धा.

सुतारमामा मापं घ्यायला आले तेव्हा टेपचं एक टोक पुतणीनं भिंतीला धरलं होतं. मामांनी विचारलं, "ताई, मुलं किती? त्या हिशेबानं पलंग करू."

"एकच मुलगी," मी म्हणाले.

अगदी सहज. कुठलाही फॉर्म भरताना सांगते तसं. पुतणीनं टेप सोडला नाही. मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. तेव्हाच "अगं बाई, दोन म्हणायचं होतं मला" असं म्हणता आलं असतं. पण मग चूक कबूल करावी लागली असती, आणि मी मेली पहिल्यापासून ताठ. पोरींचं काय, विसरतात, अशी मनाची समजूत घातली.

एक पलंग आला, एक टेबल आलं. भिंतीला फिका जांभळा रंग दिला. छताला चिकटवायचे तारे पुतणीनंच एकेक करून माझ्या हातात दिले. खाली तिची गादी घालू म्हटलं, तर म्हणाली, "नको काकू, मला हॉलमध्येच बरं वाटतं. तिथला पंखा मोठाय." सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं. आज स्वतःचीच लाज वाटते.

दिवाळीला ती नामपूरला गेली. शाळा उघडायची वेळ आली तेव्हा मी फोन केला, हे घ्यायला येतात म्हटलं. जाऊ म्हणाली, "राहू दे गं, आठे बरी शे ती. इथल्याच शाळेत घालतो आता."

मी घाईघाईनं विचारलं, "वहिनी, काही बोलली का ती?"

"काय बोलणार? तुझं कौतुकच सांगते. म्हणे, काकूंकडे जागा कमी पडते."

पोरीनं मला पाठीशी घातलं होतं. दहा वर्षांच्या पोरीनं! जावेनं नेहमीसारखं कांद्याचं पोतंही पाठवलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच सुतारमामांना बोलावलं. टेबल सरकवून दुसरा पलंग बसला. बसत होता की! आधीही बसला असता.

उन्हाळ्यात एका लग्नासाठी पुतणी चार दिवस आली. मी हात धरून तिला खोलीत नेलं. "हा तुझा पलंग, बरं का." माझा आवाज उगाच मोठा झाला होता.

दोन वर्षं या पोरीनं मला न विचारता माझ्या ताटातली पोळी ओढली होती, माझ्या ओढणीला तोंड पुसलं होतं. आता ती चपला नीट कडेला काढून दारात उभी राहिली.

"छान आहे, काकू," ती म्हणाली. "मी बसू का यावर?"