मागच्या दाराचा कीपॅड

मामा, म्हणजे माझे सासरे, फुलंब्रीजवळच्या गावातून आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा घरात चोरीचा अलार्म बसवून वर्ष झालं होतं. हर्सूलच्या बाजूला आमची कॉलनी. तिथं दोन घरं भरदिवसा फुटली होती आणि आम्ही दोघंही नोकरीवर जाणारे, मी सरकारी कार्यालयात आणि हे वाळूजच्या कंपनीत. म्हणून दोन्ही दारांना चुंबकाच्या पट्ट्या, जिन्यात भोंगा आणि पुढच्या दाराशी आकडे दाबायचा कीपॅड लावून घेतला. चार आकडे दाबले की अलार्म चालू, पुन्हा दाबले की बंद. बाहेरून आल्यावर दार उघडलं की अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात आकडे बरोबर पडले नाहीत तर भोंगा सगळी गल्ली डोक्यावर घेतो.

मामांना पहाटे पाचला तलावाकडे चालायला जायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागचं दार उघडलं आणि भोंगा वाजला. शेजारपाजारचे दिवे लागले. मी धावत गेले तर मामा अंगणात चपला हातात घेऊन मान खाली घालून उभे होते.

पुढच्या दाराशी जाऊन आकडे दाबायचे आणि मग निघायचं, इतकं ते साधं होतं. पण आमच्यात ते साधं नव्हतं. उन्हाळ्यात कूलर हॉलमध्ये, त्यामुळे आमची अंथरुणंही हॉलमध्ये. सून झोपली असेल त्या खोलीतून सासऱ्यानं जायचं नाही, हे मामांच्या हाडात मुरलेलं. एकदा मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. मागच्या खोलीत मामा टोपी घालून, काठी धरून कॉटच्या कडेला बसलेले दिसले. मी उठून अलार्म बंद करीपर्यंत ते रोज असेच बसत होते. ज्या माणसानं रान विकून या घरावर स्लॅब टाकला, तो त्याच घरातून बाहेर पडायला आमची झोप संपायची वाट बघत होता.

"होईल सवय हळूहळू," हे म्हणाले. मी म्हटलं, सवय त्यांनी का करायची, मागच्या दाराला दुसरा कीपॅड बसवू. हट्ट माझाच होता आणि त्याचा मला अभिमानही होता, हे आधीच सांगून टाकते.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. बावीस वर्षांत मी आणि मामा एकमेकांशी थेट एक वाक्य बोललो नव्हतो. ऑफिसात मी साहेबालाही सोडत नाही, पण सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, होत्या तोवर काही अडलं नाही. मामा ताटावरून म्हणायचे, "भाजी आळणी झाली म्हनावं." मी तिथंच उभी, पण ऐकायचं ते आत्याबाईंनी. त्या वळून तेच मला सांगायच्या. "मीठ ताटात वाढलंय म्हणावं," असं उत्तरही त्यांच्याच हातून जायचं. मनात हसू यायचं, पण निरोप कधी चुकला नाही. आत्याबाई गेल्या आणि ते काम यांच्यावर आलं. यांना निरोप सांगणं म्हणजे चाळणीत पाणी ओतणं.

कीपॅड बसवायला पन्नाशीचा एक शांत माणूस आला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून वायर काढून त्यानं मागच्या दाराशी डबी बसवली. नुसती जोडून का होत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, पुरानेवाले को एक नंबर, इसको दो नंबर. दोनों को एकच नंबर दिया तो पॅनल को समझता नहीं, कौन बोल रहा." मग अलार्म बंद करायच्या आकड्यासाठी मामांकडे वळून म्हणाला, "चाचा, दरवाजे का नंबर अब तुम बोलो. याद रहनेवाला."

मामांनी फार विचार केला नाही. "रानाचा गट नंबर तीन आकडी हाय. म्होरं शून्य लावा."

ते विकलेलं रान. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, मान वर करवली नाही. मामांनी तो आकडा तीनदा दाबून बघितला. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धवट झोपेत चार वेळा टूं टूं ऐकू आलं, मग कडीचा आवाज. मी समाधानानं कूस बदलली.

महिनाभर छान चाललं. मग मामा चार दिवस लासूर स्टेशनला नणंदेकडे गेले. एक दिवस दुपारी अवकाळी पाऊस आला आणि मला ऑफिसात आठवण झाली, कुरडया मागच्या अंगणात वाळत घातल्यात. घरी येऊन बघते तर कुरडया स्वयंपाकघरात चादरीवर नीट पसरलेल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी किल्ली कुठं असती ते अन् नंबर दोन्ही सांगून ठिवलं होतं म्हनून बरं. न्हाय तर पार लगदा झाला असता." त्यांना धन्यवाद दिले, पण नंबर बाहेर गेल्याचं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला सहज विचारलं तर तो म्हणाला, "मलाबी सांगितलंय की. कुनी नसलं तं दूध आत ठिवत जा म्हनले."

माझं डोकं सणकलं. गावाकडे मामांच्या घराची किल्ली कोनाड्यात असायची आणि तो कोनाडा चार घरांना ठाऊक असायचा. चार घरांना ठाऊक, म्हणूनच घर राखलं जायचं. हे मला आज समजतं. त्या सकाळी माझ्या डोळ्यांपुढं फक्त फुटलेली दोन घरं होती. मी तिथल्या तिथं नंबर बदलला. यांना बजावलं, "मामा आज दुपारी येतायत. फोन करून नवा नंबर सांगा, आत्ताच." हे दाढी करता करता हो म्हणाले.

दुपारी काकूंचा फोन आला. "भोंगा वाजतोय गं, लवकर ये."

स्कूटर कशी चालवली देव जाणे. मागच्या फाटकाशी पाचसहा माणसं जमली होती. समोर नव्यानं आलेल्या भाडेकरूनं मामांचा दंड धरून "कोण तुम्ही, कोणाचं घर आहे हे?" असं विचारलं होतं म्हणे. काकूंनी ओळख सांगितली तेव्हा सोडला. मी आत जाऊन भोंगा बंद केला. माणसं पांगली. मामा मागच्या पायरीवर बसले होते. शेजारी नणंदेनं दिलेल्या कैऱ्यांची पिशवी. दार सताड उघडं, पण ते आत गेले नव्हते.

ते माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघून बोलले. "चार बारी दाबला. रानाचा आकडा इसरलो म्हनावं. आता काय राह्यलं ध्यानात."

हे ऐकायला तिसरं कोणीच तिथं नव्हतं. यांना फोन करून निरोप द्यावा असं क्षणभर मनात आलं, त्याची आजही लाज वाटते. मी पायरीवर, त्यांच्यापासून थोडी खाली बसले. "मामा, तुम्ही विसरला नाहीत. आकडा बरोबर होता. मी बदलला. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, ते मी सांगितलं नाही."

मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, डोस्कं गेलं." मग कैऱ्यांची पिशवी जवळ ओढत म्हणाले, "तुझी सासू असती तं निरोप आला असता."

त्याच संध्याकाळी मी जुना नंबर परत लावला आणि मामांना स्वतः सांगितला. त्यांनी मान डोलावली. आता आम्ही बोलतो. भाजी आळणी झाली तर ते मलाच सांगतात. पण मागच्या कीपॅडला त्यांनी पुन्हा बोट लावलं नाही. सकाळी मी उठून अलार्म बंद केल्यावर चालायला जातात. मी ऑफिसला निघाले की माझ्यासोबत बाहेर पडतात आणि कॉलनीच्या तोंडाशी लिंबाखालच्या बाकावर बसतात, भाकरी फडक्यात बांधून घेऊन. संध्याकाळी माझी स्कूटर दिसली की उठतात. परवा मे महिन्याच्या उन्हानं त्यांचा चेहरा काळा पडलेला बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, नंबर तुमचाच आहे. घर तुमचं आहे. उन्हात कशाला बसता?"

"व्हय, हाय की," ते म्हणाले आणि दारापासून दोन पावलं मागं उभे राहिले. "तू उघड, बाई. मंग येतो मी."