साडूंची तागालोग क्रियापदं

आमच्या साडूंइतका हट्टी विद्यार्थी अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरा नसेल. चाकणच्या कंपनीत टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला हा मावळातला गडी निवृत्तीनंतर भजनाला लागेल असं वाटलं होतं. तो तागालोग या फिलिपाइन्सच्या भाषेला लागला. कारण, फिलिपिनी सून. मुलाला ती दुबईत भेटली आणि लग्न करून आकुर्डीच्या घरी आली. पोर गुणी, पण नवरा शिफ्टला गेला की मुकी. तिला मराठी येईना, साडूंना इंग्रजी. ती माहेरी जाऊन येते म्हणत होती आणि परत येईल याची कुणालाच खात्री नव्हती. "तिची आई तिकडं ऱ्हायली, निदान तिची बोली तरी हितं पायजे," म्हणून साडू मोबाइल घेऊन शिकायला बसले.

व्याकरणही त्यांनी टूलरूमच्या खाक्यानंच घेतलं. "साडूभाऊ, मूळ शब्द म्हंजी कच्चा जॉब. त्याला पुढनं, मागनं, न्हाईतर थेट पोटात प्रत्यय बसवायचा. 'काइन' म्हंजी खाणं. पोटात 'उम' ठोकला की 'कुमाइन', खाल्लं!" हात बसावा म्हणून मग मराठी शब्दांच्या पोटातही 'उम' ठोकणं सुरू झालं. रिक्षावाल्याला 'चल'ऐवजी "चुमल भावा" म्हणाले. त्यानं काका शुद्धीवर नाहीत समजून पुढच्या चौकात उतरवलं.

त्या घरात पुरुष आधी जेवतात, बायका मागून. सासऱ्यानं सुनेची चौकशी करायची ती सासूमार्फत. एका रविवारी आम्ही दोघं पानावर बसलो होतो. साडूंनी घास घेतलाच नाही. घसा खाकरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, "कुमाइन का ना बा?" जेवलीस का गं?

सून दारातच थबकली. मग असा धबधबा सुटला की साडूंना त्यातलं एखादंच क्रियापद हाती लागलं असेल. तरी ते "ओओ, ओओ" करत होकार देत राहिले. शेवटी सरकून त्यांनी तिला शेजारी जेवायला बसवलं.

आतून माझी मेहुणी म्हणाली, "आन् मला वो? मला कंच्या भाषेत इचारनार?"

सगळे हसलो. साडू हसले नाहीत. "तू बी ये. बस," म्हणाले.

सून माहेरी गेली आणि परतही आली. येताना सासऱ्याला सुकवलेले आंबे घेऊन.

खरं सांगतो, आम्हा नवराबायकोत भाषेची काही अडचण नाही. परवा मी जेवून उठलो, हात धुताना 'जेवलीस का' हे दोन शब्द मनात घोळवले आणि स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याशी एकटीच जेवत होती.

"काही हवंय का?" तिनंच विचारलं.

"काही नाही," म्हणालो, आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो.