यामा काहीतरी शे

कार्यक्रम सुरू होऊन पाच मिनिटं झाली की आबा खुर्चीत पुढे सरकत, चष्मा कपाळावर चढवत आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागत. "यामा काहीतरी शे!" म्हणजे यात काहीतरी गडबड आहे. जळगावात गाण्याला, नाटकाला, व्याख्यानाला जाणाऱ्या तुमच्यापैकी निम्म्यांच्या कानाशी तरी ते लागले असतील.

आबा विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. भरारी पथकाबरोबर धुळ्यापासून चोपड्यापर्यंत कॉप्या पकडत हिंडलेले. नोकरी संपली, पण नजर तीच राहिली आणि ती बिचाऱ्या कलावंतांवर वळली. गायिका नुसते ओठ हलवते. रांगोळी छापाने काढलीय. वक्त्याने हाच विनोद धुळ्यातही सांगितला होता. एकदा तर हास्यक्लबातली माणसं खोटं हसतात, अशी तक्रार घेऊन ते माझ्याकडे आले. आता हास्यक्लबात खरं हसतं कोण?

मी कॉलेजात सांस्कृतिक विभाग सांभाळायचो, त्यामुळे त्यांना टाळणं शक्य नव्हतं. हळूहळू ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्यासारखी माझी गत झाली. चांगली कविता ऐकली की ही कुठून उचलली असेल, हेच आधी डोक्यात यायचं.

आमच्याकडे स्वरचित कवितांची स्पर्धा होती. पहिला नंबर येईल त्याला पुढे युवक महोत्सवात पाठवायचं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली, वसतिगृहात राहणारी मुलगी स्टेजवर आली आणि तिने अहिराणीत कविता म्हटली. 'बांधवरनी निंबडी डोलस वारामा', म्हणजे बांधावरचा कडुनिंब वाऱ्यात डोलतो, अशी तिची सुरुवात होती आणि पुढे वसतिगृहाच्या खिडकीतून आईला शोधणं होतं. परीक्षकांनी तिला पहिला नंबर दिला.

आबा या वेळी शेजाऱ्याशी कुजबुजले नाहीत. थेट माझ्याकडे आले.

"सर, ही ओळ मन्ही माय म्हने. या पोरनी नही."

मी मुलीला बोलावून विचारलं, "पहिली ओळ तुझी आहे का?"

"नाही सर, पण आमच्याकडे..."

पुढचं मी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत यादी पाठवायची होती. मी तिचं नाव खोडलं आणि दुसऱ्या नंबरच्या मुलाचं लिहिलं. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती निघून गेली. दोनच दिवसांत वसतिगृह सोडून ती गावी गेल्याचं कळलं.

आठवड्याने फैजपूरकडच्या एका मित्राच्या मळ्यात आमची भरीत पार्टी होती. आबांनी आल्या आल्या वांगी दाबून पाहिली आणि ही भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोदची नव्हेत असा निकाल दिला. वांगी भाजली, लाकडी बडगीत कुटली, केळीच्या पानांवर वाढली. शेजारच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांच्यातली एक गाऊ लागली, 'बांधवरनी निंबडी डोलस वारामा', आणि पुढे तिने आपल्या भावाचं गायलं. दुसरीने तीच ओळ उचलून सासरचं गाऱ्हाणं गायलं. तिसरीने त्याच ओळीला नवऱ्याचा मोबाइल जोडला, तशा सगळ्याजणी हसल्या.

आबांचा घास हातातच राहिला. ते उठून बांधापाशी गेले.

"अक्का, ही ओळ कोननी शे?"

"आबा, पहिली ओळ बठ्ठासनी ऱ्हास, सगळ्यासनी," ती बाई म्हणाली. "दुसरी ज्यानी त्यानी."

ते परत आले, पण पानावर बसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मन्ही माय बी पुढली ओळ आपलीच जोडत व्हई. मी ती ध्यानमा ठेवीच नही." डोळे भरले होते त्यांचे. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या मुलीसाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या केबिनमध्ये आले. तिचं नाव परत घाला म्हणाले. यादी केव्हाच गेली होती, महोत्सव सुरू झाला होता. आता काही करता येणार नाही, असं मी सांगितलं.

"मंग जाईसन सांगनं तर पडी," आबा म्हणाले.

एसटीने चोपडा आणि तिथून पुढे मिळेल त्या गाडीने ते तिच्या गावी गेले. तिच्या वडिलांसमोर हात जोडून म्हणाले, "तुमनी पोर खरी शे. मी चुकनू." मुलीने त्यांना चहा दिला आणि ती आत निघून गेली. पुढच्या महिन्यात ती कॉलेजात परत आली, पदवीही झाली. स्पर्धेला मात्र तिने पुन्हा कधी नाव दिलं नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. आता कार्यक्रमात कुणी कानाशी लागत नाही आणि ऐकणं खरंच सोपं झालं आहे. तरी मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. त्या सकाळी केबिनमधून निघताना ते दारात थांबले होते.

"सर, तुम्ही बी चाला. नाव तुम्ही खोडं ना."

मी म्हणालो, "आलो असतो आबा, पण मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती. उभ्या आयुष्यात कुणावर विश्वास न ठेवलेला तो माणूस "बरं" म्हणाला आणि एकटाच स्टँडकडे चालू लागला.