भावजींचा ब्लॉग आणि देवीचा कौल

"वयनी, माझो ब्लॉग गेलो," असे म्हणून भावजी पडवीतल्या बाकावर बसले, तेव्हा मी बांगडे कापत होते. घरात कोणी गेल्यावर माणूस बसतो तसे बसले. मी हात थांबवला नाही. मांजर टपून होते.

"खंय गेलो?"

"कंपनीन बंद केल्यान. माका लबाड म्हणता. माका! गोदीत कारकुनी केलंय, एक टाचणी घराक आणूक नाय."

टाचणी आणली नव्हती हे खरे. कार्बन पेपर आणायचे. पण ती वेळ बोलण्याची नव्हती. त्यांचे सगळे लिहिलेले त्या ब्लॉगवर होते. माशांची जुनी नावे, कुठल्या विहिरीचे पाणी कधी आटते, माझ्या सासूची भांडणे, तीही जशीच्या तशी. कागदावर एक ओळ नव्हती. "कागदाक वाळवी लागता, हेका लागणा नाय," असे सांगून ते मला गप्प करायचे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केले नाही. मुंबईची नोकरी संपवून गावाला, तोंडवलीला परत आले. असे परत आलेले बाकीचे लोक कलमांना पाणी घालतात आणि भावांशी जमिनीचे दावे लढतात. भावजींनी ब्लॉग काढला. तो फुकट मिळत होता. माझी मुलगी सुलू पुण्यात कॉम्प्युटरचेच काम करते. तिने तेव्हाच सांगितले होते, "काका, इंटरनेटवर स्वतःचे नाव घ्या, स्वतःची जागा घ्या. फुकटचा ब्लॉग म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणे."

"फुकट वाढतत तर नको कित्याक म्हणाचा?" भावजी म्हणाले. लग्नाच्या पंगतीतही त्यांचे हेच धोरण असे. चौथ्यांदा सोलकढी मागताना त्यांना कधी लाज वाटली नाही.

बंद पडण्याचे कारण त्यांनीच करून ठेवले होते. जत्रेला मुंबईच्या चाकरमान्यांना रजा मिळत नाही. देवीसमोर त्यांच्या नावाने गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे राखणीचे मागणे मागायचे, राहून जाते. भावजींच्या डोक्यात आले की ते आपण ब्लॉगवर घालावे. एका दुपारी बसून त्यांनी वाडीतल्या प्रत्येक घराचे वेगळे गाऱ्हाणे घातले. मजकूर सगळीकडे एकच, नाव तेवढे बदललेले. "बा म्हाराजा, ह्या लेकराची परमुलखात राखण कर." गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. मुंबईपासून मस्कतपर्यंत आमची जेवढी माणसे होती, त्या सगळ्यांनी प्रत्येक गाऱ्हाण्याखाली लिहिले, "व्हय म्हाराजा." एकाने नाही, सगळ्यांनी. आपले गाऱ्हाणे सोडून शेजाऱ्याच्या गाऱ्हाण्याखालीही लिहिले, कारण न लिहिणे वाईट दिसते. कंपनीच्या यंत्राला वाटले, हा माणूस काहीतरी खोटा माल खपवतो आहे. त्याने दार लावून घेतले.

सुलूने इंग्रजीत विनंती लिहून पाठवली. उत्तर येईना. तिकडेच हात जोडून थांबायचे की नवी, स्वतःची जागा घ्यायची, हे भावजींना ठरवता येईना. पंख्याची दिशा ठरवायलासुद्धा ते देवीला कौल लावत. मी म्हटले, चला.

आमच्याकडे देवीच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. गुरव वयाने भावजींएवढाच, त्यांच्याबरोबर शाळेत होता, त्यामुळे मान वगैरे काही देत नसे.

"काय इचारू? एकच सांग, सरळ सांग. देवीक व्याख्यान नको."

भावजींनी तरी व्याख्यान दिले. गुरवाने ऐकून घेतले आणि विचारले, "घर कोणाचा?"

"माझा."

"जमीन?"

"कंपनीची."

"मगे आमच्या वाडीसारख्याच झाला. घर आपला, जमीन दुसऱ्याची. हेच्यात देवीक कळण्यासारख्या आसा." त्याने पाकळ्या लावल्या आणि विचारले, आपली जागा घेऊ काय? दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या. आम्ही बसलो. गुरवाने तंबाखू मळली. भावजी घाम पुसत होते. तेवढ्यात माझ्या पिशवीतला मोबाइल असा वाजला की भावजी उडाले आणि उजवी पाकळी खाली आली.

"उजवो दिल्यान!" गुरव म्हणाला.

"मोबाइल वाजलो म्हणान पडली ती."

"देवी कशानय पाडतली. तुका काय करूचा आसा मेल्या?"

फोन सुलूचा होता. ब्लॉग उघडला होता. कंपनीतल्या कुठल्यातरी माणसाने वाचून पाहिले असावे. "आधी सगळे उतरवून घ्या," ती म्हणत होती. भावजींचा चेहरा एकदम फुलला. "मगे हलाचा कित्याक? फुकटच तर आसा."

मी म्हटले, "भावजीनू, दुसऱ्याच्या जमनीत घर म्हणान न्हाणीघर बांधूक आपणाक किती वर्सां रडूचा लागला, इसारलात? ह्यो परत दार लावतलो, आणि मगे तुमी परत माझ्या बांगड्यांच्या आड येतलात."

त्यांनी आपली जागा घेतली. नंतर कळले की त्या जागेचेही दरवर्षी भाडे भरावे लागते. "म्हणजे हयसरय कूळच!" म्हणून आठवडाभर कुरकुरत होते. पण नारळ फोडलाच. राखणीचे काय ते बघायला हवे, असे सुलू म्हणाली, तर हे जमिनीच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायला निघाले. ती पासवर्डबद्दल बोलत होती. कोंबडा दिला, आम्ही खाल्ला, पासवर्डही बदलला. मुंबईच्या चुलतभावांचे फोन आले, "सामायिक आसा मां? आमचा नाव घाल." भावजींनी कोणाचे घातले नाही. दुसरी चावी, म्हणजे नवा पासवर्ड, मला दिली.

"माका कित्याक? चौथी शिकलंय मी."

"म्हणानच. तुका कायच येणा नाय, तू काय बिघडवतलंस?"

गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत भावजी गेले. जेवून हात धुतला, बाकावर टेकले, उठले नाहीत. बारावे झाल्यावर सुलू म्हणाली, "आई, परत फुकटच्यावर ठेवूया. तिथे कोणी बघितले नाही तरी राहते. आपल्या जागेला माणूस लागतो." तिचे खरे होते. मी नको म्हटले.

आता सगळे उतरवून घेण्याचे सुलूने दाखवलेले बटण मी दाबते, भाड्याच्या तारखेची तिला आठवण करून देते आणि बूट विकणारे परदेशी लोक मजकुराखाली जे लिहून जातात ते रोज काढून टाकते. सासूची भांडणे मी अधूनमधून वाचते. त्यात माझी बाजू भावजींनी नीट लिहिलेली नाही. दुरुस्त करता आली असती, केली नाही.

पावसात गुरवही गेला. कौल लावला त्या दिवशी देवळात आम्ही तिघेच होतो. त्यातली आता मीच आहे.